सही नवरा-नवरीचीच हवी

बहिणीच्या मुलीच्या लग्नाच्या याद्या झाल्या. कार्यालय कुणाकडे, जेवण कुणाकडे, मानपान किती, सगळं ठरलं आणि फोटोसमोर ‘खर्च अर्धा-अर्धा’ असं लिहिलं गेलं. पुढे फोटोग्राफरनं कराराचा कागद पाठवला, तेव्हा प्रश्न आला: सही कुणी करायची? भाऊजी म्हणाले, ‘आगाऊ रक्कम मी देतोय, सही माझी.’ व्याही म्हणाले, ‘फोटोग्राफर आमच्या ओळखीचा, सही आम्ही करतो.’ मी म्हटलं, सही भाचीची आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याची. दोघांचीही. हे मी घरात ठासून सांगितलं आणि इथेही सांगते, कारण या सहीवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

‘ज्याचे पैसे, त्याची सही’ हे ऐकायला रास्त वाटतं, पण कायद्याला त्याची गरज नाही. आपला करार कायदा 1872चा. करारातला मोबदला करार करणाऱ्याच्याच खिशातून यावा, असा त्याचा आग्रह नाही. तो दुसऱ्या कुणी दिला तरी चालतो. म्हणजे पैसे वडिलांनी भरावेत, पावती त्यांच्या नावानं घ्यावी आणि सही मुलांनी करावी, यात काहीच अडचण नाही. करार करायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आणि कायद्यानं लग्नाला उभी राहणारी मुलगी अठराची नि मुलगा एकवीसचा असतोच.

त्याहून मोठा मुद्दा फोटोंच्या मालकीचा. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म काढली, तर उलट काही ठरलेलं नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. पण अनेक छापील करारांत नेमकं उलटच लिहिलेलं असतं: हक्क स्टुडिओकडे राहतील आणि जाहिरातीसाठी, इन्स्टाग्रामसाठी फोटो वापरता येतील. काका सही करतात ते रक्कम आणि तारीख बघून. हळदीला भिजलेल्या, पाठवणीला रडणाऱ्या मुलीचा चेहरा कुठल्या जाहिरातीत जाणार, हे त्याच सहीनं ठरून जातं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. तो चेहरा तिचा आहे. होकार किंवा नकार तिनं स्वतः द्यायला हवा, आणि नको असेल तर ते कलम सहीआधी खोडून घ्यायला हवं.

वडिलांनी सही आधीच केली असेल, तर मुलांचे हात अगदीच बांधलेले नसतात. एरवी जो करारात नाही, त्याला सहसा करारावरून दावा करता येत नाही. पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक मानला आहे. अल्बम आलाच नाही, तर जोडपं जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतं. मुदत दोन वर्षांची. तरीही, स्वतःचं नाव करारात असलं की मी कोण, माझा संबंध काय, हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

दोघांनी मिळून सही केली, की जबाबदारीही दोघांवर येते. वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर बाकी राहिलेली पूर्ण रक्कम फोटोग्राफर दोघांपैकी कुणा एकाकडेही मागू शकतो. म्हणून कोणता हप्ता कुणाकडचे लोक भरणार, ते आपापसात लिहून ठेवावं. जादा तासांचं कोण सांगणार, हेही करारातच असावं. मुहूर्त लांबतो, वरात उशिरा येते, कुणीतरी मामा ‘थांबा हो अजून तासभर’ म्हणतात आणि बिल वाढतं. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला हिशेब बघायला सवड नसते. त्यांनी विश्वासातल्या एकाचं नाव आणि फोन नंबर करारात द्यावा आणि जादा खर्चाला फक्त त्याचाच होकार धरावा.

समोरच्या सहीकडेही तितकंच लक्ष द्यावं. स्टुडिओचं नाव आणि शिक्का पुरेसा नाही. मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही घ्यावी. प्रत्यक्ष कॅमेरा कुणाच्या हातात असेल, तो आजारी पडला तर कोण येईल, हेही लिहून घ्यावं. नावाजलेल्या माणसाचं काम बघून पैसे द्यायचे आणि अंतरपाटासमोर अनोळखी मदतनीस उभा राहायचा, असं घडतं. कागदावर नाव नसेल, तर मग बोलायला जागा उरत नाही.

आमच्याकडे शेवटी दोघांनी कागद एकत्र वाचला, जाहिरातीचं कलम बदलून घेतलं आणि सह्या केल्या. भाऊजींचं नाव रक्कम भरणारे म्हणून करारात आलं आणि त्यांचा मानही राहिला. आईवडिलांनो, पैसे जरूर द्या, सल्ला द्या, कागद शेजारी बसून वाचून दाखवा. पण संसार ज्यांच्या हाती सोपवताय, त्यांच्या लग्नाच्या कागदावर पेनही त्यांच्याच हाती द्या.