पाणपक्ष्यांच्या वाट्याचे पाणी

विद्यार्थिमित्रांनो, अभयारण्य म्हणजे काय असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेक जण सांगतील, ‘जिथे प्राण्यांना माणसाचे भय नाही असे अरण्य.’ उत्तर बरोबर आहे. पण त्याबरोबर एक गैरसमजही नकळत मनात शिरतो. माणसाने हद्द आखावी, शिकार बंद करावी आणि बाजूला व्हावे; बाकीचे निसर्ग पाहून घेईल, असे आपल्याला वाटू लागते. घनदाट जंगलाच्या बाबतीत हे काही अंशी खरे असेल. पाणथळ जागेच्या बाबतीत मात्र ते खरे नाही, आणि ती जागा माणसाने घातलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली असेल तर मुळीच नाही. अशा जागेची शेतासारखी निगा राखावी लागते. कोणत्या महिन्यात किती पाणी ठेवायचे, ते किती वेगाने उतरवायचे, कोणती वनस्पती केव्हा काढायची, याचे वेळापत्रक लागते. पिकांना पाणी देण्याचे वेळापत्रक आपण दरवर्षी करतो. त्याच कागदावर पाणपक्ष्यांची गरजही मांडली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज थोड्या हिशेबानिशी पाहू.

आम्ही देहूरोडची माणसे पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मध्ये राहतो. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर ते उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. म्हणजे पावसाळा संपल्यावर किवळे-रावेतजवळ नदीला किती पाणी असावे हे ढग ठरवत नाहीत, धरणाचे दरवाजे ठरवतात. काठच्या चिखलात किडे टिपणाऱ्या धोबी पक्ष्याला याची कल्पना नसते. पण त्याचे आजचे जेवण कुठल्या तरी कचेरीतल्या निर्णयावर अवलंबून असते. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरकडे वळले पाहिजे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी एक दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू अगदी साधा होता. इगतपुरीच्या बाजूला धो धो पाऊस आणि निफाडच्या पुढे पर्जन्यछायेचा दुष्काळी मुलूख, अशी आपल्याकडे लोणावळा आणि पुण्यात दिसते तशीच तिथली स्थिती आहे. वरच्या धरणांतून नदीत सोडलेले पाणी या बंधाऱ्याशी अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढच्या शेतांना द्यायचे, एवढेच त्याचे काम. पण नद्यांनी बरोबर गाळ आणला. तो बंधाऱ्यामागे साचला, त्याची बेटे झाली, उथळ दलदल तयार झाली, तिथे पाणवनस्पती वाढल्या. मग पक्षी आले. डॉ. सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगतात. १९८६ साली ते अभयारण्य झाले. इराणमधील रामसर शहरी १९७१ मध्ये पाणथळ जागांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. यादीतले त्याचे क्षेत्र सुमारे १४.३७ चौरस किलोमीटर आहे.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. शेतीसाठी बांधलेल्या बंधाऱ्याने, कोणाच्याही मनात नसताना, पक्ष्यांचे घर उभे केले. परंतु जे नकळत उभे राहिले ते नकळत टिकेल, असे मात्र नाही.

पक्ष्यांना पाणी हवे असते, हे विधान अपुरे आहे. त्यांना ठरावीक खोलीचे पाणी हवे असते. तलवार बदक शेपूट वर आणि डोके खाली करून तळातले बी व किडे खाते. पाणी वीत-दीड वीत असेल तोवरच त्याची चोच सहज तळाला पोचते. शेकाट्याचे पाय लांब म्हणून आपण कौतुक करतो, पण ते जेमतेम वीतभर. तुतवारीसारखे छोटे पक्षी तर पाण्याच्या कडेच्या ओल्या चिखलातच चरतात. म्हणजे तलाव तुडुंब भरला की यांपैकी कितीतरी पक्षी उपाशी, आणि पार आटला की सगळेच उपाशी.

आता थोडी भूमिती. समजा, तलावाच्या काठाचा उतार ५०० मीटरला १ मीटर असा मंद आहे. पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली तर किती चिखल उघडा पडेल? उत्तर ५ मीटर रुंदीचा पट्टा. रोज एक सेंटिमीटर पाणी उतरत गेले तर रोज पाच मीटरचे नवे, ओले, किड्यांनी भरलेले ताट पक्ष्यांपुढे येते. आता कालव्याला एकदम पाणी सोडल्यामुळे पातळी दोन दिवसांत ५० सेंटिमीटर खाली गेली असे समजा. २५० मीटर चिखल एकदम उघडा पडेल. पक्षी तो सगळा एकाच वेळी खाऊ शकत नाहीत. काही दिवसांत तो सुकतो आणि भेगाळतो. दोन्ही प्रसंगी पाणी तेवढेच खर्च झाले. पण पहिल्यात पन्नास दिवसांची मेजवानी झाली, दुसऱ्यात चार-आठ दिवसांची. पातळी एकदम वाढली तरी नुकसान होते. नदी सुरय हा पक्षी मार्च ते मेच्या सुमारास वाळूच्या उघड्या बेटावर अंडी घालतो. त्या दिवसांत पाणी हातभर चढले की घरटी बुडाली.

दुसरा मुद्दा बाष्पीभवनाचा. पाण्याची वाफ होते ती पृष्ठभागावरून. त्यामुळे एका दिवसात किती मिलिमीटर पाणी उडेल हे मुख्यतः ऊन, वारा आणि हवेतील आर्द्रता यांवर ठरते. खोलीचा संबंध फारच थोडा. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात दिवसाला साधारण ४ मिलिमीटर आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक पाणी असे उडते. दहा मीटर खोल जलाशयाला त्याचे काहीच वाटत नाही. पण २० सेंटिमीटरचे उथळ पाणी हिवाळ्यात सुमारे पन्नास दिवसांत आणि उन्हाळ्यात पंचवीस दिवसांच्या आतच संपते. म्हणजे पक्ष्यांना जे पाणी सर्वांत उपयोगी, तेच सर्वांत अल्पायुषी. ते टिकवायचे असेल तर मधूनमधून थोडी भर घालावीच लागेल, जशी तुम्ही कुंडीतल्या रोपाला घालता.

तिसरा मुद्दा जलपर्णीचा. पवना आणि इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. नांदूरमध्यमेश्वरलाही तिचा उपद्रव आहे. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, पाणी झाकून टाकते, खाली प्रकाश जाऊ देत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटवते. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. गणिताच्या तासाला तुम्ही भूमिती श्रेढी शिकता ना? एका गुंठ्यापासून सुरुवात करा. दहा वेळा दुप्पट केले की १,०२४ गुंठे, म्हणजे पंचवीस एकरांहून अधिक. यास लागतात वीस आठवडे. थंडीत वाढ मंदावते आणि जागाही अपुरी पडते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी येईल. तरीही धडा स्पष्ट आहे. पूर ओसरल्यावर ऑक्टोबरात जे काम चार माणसे दोन दिवसांत करतील, त्यालाच फेब्रुवारीत यंत्रे आणि लाखो रुपये लागतात. निगा राखण्यात कामाइतकेच कामाच्या वेळेला महत्त्व आहे.

‘पण निसर्गात इतका हात कशाला घालायचा?’ असे काही शिक्षकमित्र विचारतील. त्यांना मी खुद्द भरतपूरचे उदाहरण देईन. तेथील केवलादेवची दलदलही माणसाने बांध घालून तयार केलेली आहे. १९८२ साली तिथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. हेतू चांगलाच होता. पण म्हशी गेल्या आणि पॅस्पॅलम नावाचे गवत बेसुमार माजले. उघडे पाणी झाकले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास करून दाखवले की चराई बंद झाल्याने पाणपक्ष्यांचे नुकसानच झाले होते. पुढे वरच्या बाजूला गंभीर नदीवर पांचना धरण झाले, उद्यानात येणारे पाणी घटले, आणि दुसरीकडचे पाणी कालव्याने व नळाने आणण्याची वेळ आली. दार लावून घेतल्याने दलदल टिकत नाही, हे यावरून दिसते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात आपल्यासारखीच कालव्यांवरची शेती आहे आणि त्या शेतांच्या मधोमध पाणपक्ष्यांची आश्रयस्थाने आहेत. सॅक्रामेंटोचे आश्रयस्थान १९३७ पासूनचे. तिथे लहान लहान बांधांनी जमिनीचे वाफे पाडले आहेत. शरद ऋतूत स्थलांतरित बदके येण्याच्या सुमारास वाफे भरायचे, वसंतात सावकाश उतरवायचे, ओल्या जमिनीत बदकांना आवडणाऱ्या बियांचे गवत उगवले की उन्हाळ्यात त्याला पाण्याची एखादी पाळी द्यायची, माजलेले तण कापायचे, बांध दुरुस्त करायचे, आणि पुन्हा शरदात पाणी भरायचे, असे त्यांचे वर्ष चालते. १९९२ साली तिथे कायदा होऊन सरकारी कालवा-प्रकल्पातून या आश्रयस्थानांना ठरावीक पाणी देण्याची तरतूद झाली. पाण्याच्या हिशेबात पक्षी हेही एक हक्कदार ठरले.

आता खरा आक्षेप. नांदूरमध्यमेश्वरच्या खाली शेतकरी पाण्याची वाट पाहत असतात. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातली ओढाताण तुम्ही वर्तमानपत्रांत वाचताच. अशा वेळी पक्ष्यांसाठी पाणी मागणे ही चैन नव्हे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हिशेबच करू. पक्षी पाणी संपवत नाहीत. ते पाणी नंतर कालव्यात किंवा नदीत जातेच. खर्च होतो तो मुख्यतः वाफेच्या रूपाने. समजा, १ चौरस किलोमीटर जादा उथळ पाणी हिवाळ्यात ६० दिवस राखले. दिवसाला ४ मिलिमीटरप्रमाणे २४ सेंटिमीटर, म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर पाणी उडेल. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. आपला खर्च एका टीएमसीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही थोडा कमी आला. दुसऱ्या मापाने पाहा. उसाला वर्षाला साधारण दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर एवढ्या पाण्यात फक्त १२ हेक्टर ऊस निघेल. जमिनीत काही पाणी मुरेल, पण त्यातले बरेचसे आसपासच्या विहिरींना मिळेल. खर्च शून्य नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो झेपणारा आहे. मुख्य मागणी अधिक पाण्याची नाहीच. तेच पाणी जरा सावकाश आणि योग्य वेळी सोडावे, एवढीच आहे.

अडचण आहे ती व्यवस्थेची. बंधाऱ्याचे दरवाजे जलसंपदा खात्याकडे आणि पक्षी वन खात्याकडे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीत रब्बी आणि उन्हाळी आवर्तने ठरतात. त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पातळी दिवसाला किती सेंटिमीटरहून अधिक उतरवायची नाही, आणि मार्च ते मे ती किती सेंटिमीटरहून अधिक चढू द्यायची नाही. गाळ काढण्याची मागणी होते तिलाही हेच लागू आहे. साठवण वाढवायची तर गाळ काढावा लागेल. पण सगळा तळ एकसारखा खोल खणला तर पाणी वाढेल आणि दलदल जाईल. कुठे खणायचे आणि कुठे उथळ ठेवायचे, हे आधी नकाशावर ठरले पाहिजे. दुष्काळाच्या वर्षी पिण्याचे पाणी पहिले, यात वाद नाही. पण नेहमीच्या वर्षी असा रकाना कोराच राहणे योग्य नाही.

तुम्ही यात काय करू शकता? मोजमाप करू शकता. गच्चीवर उभ्या कडांचे पसरट भांडे ठेवा, त्यावर पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून जाळी घाला आणि रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पातळी मोजा. भांडे तापते, म्हणून तलावापेक्षा आकडा थोडा जास्त येईल. तरी जानेवारी आणि एप्रिल यांतला फरक तुमचा तुम्हांला कळेल. गावाजवळच्या तळ्याच्या किंवा बंधाऱ्याच्या काठी शिक्षकांच्या सोबतीने एखादी खूण ठरवा. दर रविवारी पाणी त्या खुणेच्या किती खाली आहे, काठावर कोणते पक्षी किती दिसले आणि जलपर्णी कुठवर आली, हे वहीत लिहा. एका वर्गाने दहावी झाल्यावर वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. पाच वर्षांच्या अशा नोंदी घेऊन एखादी शाळा अधिकाऱ्यांपुढे गेली, तर ‘पक्ष्यांना पाणी हवे’ एवढेच म्हणून तिला थांबावे लागणार नाही. कोणत्या आठवड्यात आणि किती सेंटिमीटर, हेही तिला सांगता येईल.