चाचणी लेकराची की बापाच्या शिक्षणाची?

नांदेड-लातूरच्या इंग्रजी शाळांत प्रवेशाचा हंगाम आला की लेकराला समोर बसवून रंग, आकडे, इंग्रजी कविता विचारल्या जातात. बापाला त्याचे शिक्षण विचारतात, आईला इंग्रजी कळते का ते पाहतात. शाळा याला 'परिचय' म्हणतात. कायदा याला चाळणी म्हणतो.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १३ ने बालकाचीच नव्हे, तर त्याच्या पालकांचीही अशी परीक्षा घेण्यास मनाई केली आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. एका बालकाला दुसऱ्यापेक्षा पसंती देणारी, सोडतीखेरीज कोणतीही रीत म्हणजे चाळणी, अशी कायद्याचीच व्याख्या आहे. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाका, असा त्याचा सरळ अर्थ.

मग संस्थाचालकांना हे धाडस होते कसे? एक तर कायद्यातले 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे आहे. म्हणून चाळणी नर्सरीतच उरकली जाते आणि पहिलीच्या वेळी जागाच शिल्लक नसतात! दुसरे म्हणजे कलम ३६. शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय या गुन्ह्याचा खटलाच चालवता येत नाही. म्हणजे कायद्याला दात दिले, पण जबडा उघडण्याची किल्ली साहेबाच्या खिशात! शिक्षणसम्राटांना दुखावून ती किल्ली कोण फिरवणार?

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा लेकरू शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठेवला होता. आज बाप लेकरू घेऊन दारात उभा आहे आणि शाळा त्याचीच परीक्षा घेते. 'लातूर पॅटर्न' ज्या महाविद्यालयातून नावारूपाला आला, त्यालाही शाहूंचेच नाव आहे. बारावीच्या मुलांनी सराव परीक्षा देण्याबद्दल आमची तक्रार नाही. पण चार वर्षांच्या लेकराची 'गुणवत्ता' म्हणजे घरात कोण शिकलेले आहे एवढेच. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईचे लेकरू तिथे नापास होते, ते तिच्या निरक्षरतेमुळे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. ती लढाई जिंकली, हे चांगलेच झाले. पण आपली नजर त्या २५ टक्क्यांच्या सोडतीवरच खिळली आहे. कलम १३ तर उरलेल्या ७५ टक्के जागांनाही लागू आहे. (२०१४ च्या प्रमाती निकालामुळे अल्पसंख्याकांच्या शाळा यातून वगळल्या गेल्या, त्या निकालावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठाने शंका घेतली आहे.) त्या ७५ टक्क्यांवर आपले नोकरदार बांधव का बोलत नाहीत? कारण त्यांनी आपल्या लेकराला त्या चाचणीसाठी आधीच शिकवणी लावलेली असते. चाळणीतून आपण वर राहिलो की चाळणी बरी वाटू लागते, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे.

कलम ३२ प्रमाणे कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. चाचणीची तारीख कळवणारा शाळेचा निरोप आणि फॉर्मची पावती जपून ठेवा. तक्रारीसोबतच कलम ३६ ची मंजुरी मागणारा वेगळा अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.