बुजवलेल्या विहिरींचेही दप्तर हवे

२० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बुधवार पेठेतील सिटी पोस्टाच्या आवारात ड्रेनेजच्या सफाईसाठी आलेला महापालिकेचाच ट्रक पाहता पाहता मागच्या अंगाने जमिनीत उतरला आणि त्याचे तोंड तेवढे वर आभाळाकडे राहिले; चालकाने प्रसंगावधान राखून बाहेर उडी घेतली म्हणूनच प्राणहानी टळली. तेथील पेव्हर ब्लॉकच्या खाली जुनी विहीर असल्याचे नंतर सांगण्यात आले. त्यापूर्वी १३ जून २०२१ रोजी मुंबईत घाटकोपरच्या एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार सर्वांदेखत पाण्यात गडप झाली, आणि तेथेही काँक्रीटने झाकलेली विहीरच निघाली. या दोन्ही प्रसंगांच्या चित्रफिती कोल्हापुरातही घरोघर पाहिल्या गेल्या. मात्र आपल्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न त्यानिमित्ताने जितक्या गांभीर्याने विचारला जायला हवा होता, तितका तो विचारला गेला नाही.

भूमी दुभंगली की ती दैवाच्या खाती टाकण्याचा आपला परिपाठ आहे. काही देशांत त्याला थोडाफार आधारही आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात चुनखडीचा खडक पाण्याने विरघळून सहस्रावधी वर्षांत गुहा तयार होतात आणि त्यांचे छत अवचित कोसळते. १९८१ च्या मे महिन्यात तेथील विंटर पार्क या गावी एक घर आणि काही मोटारी अशाच विवरात गेल्या. तुर्कस्तानच्या कोन्या पठारावर भूजलाचा बेसुमार उपसा झाल्यामुळे पिकांच्या ऐन मध्यभागी खोल विवरे पडत आहेत. परंतु कोल्हापूर ज्या दख्खनच्या पठारावर वसले आहे ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे आहे, आणि हा काळा पाषाण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे सपाटीवरची भुई वाहनाखाली एकाएकी खचते तेव्हा खालची पोकळी बहुतेक वेळा मनुष्याने केलेली असते : विहीर, तळे, खाण, चर, नळ किंवा गटार. आणि जे मनुष्याने खणले ते मनुष्याला नोंदवून ठेवता येते.

ही नोंद आपण ठेवली आहे काय? कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, सिद्धाळ्याची बाग झाली. दगडाची खाण भूकंपात खचून रंकाळा निर्माण झाला, असेही परंपरा सांगते. या मोठ्या जागांची मूळ ओळख निदान लोकांच्या तोंडी राहिली. पण अंबाबाईच्या देवळाच्या आवारातील मणिकर्णिका कुंड कित्येक वर्षे मातीखाली गाडलेले होते, त्यावर बाग झाली होती, आणि अलीकडे ते उकरून मोकळे केले तेव्हा एका सबंध पिढीने ते प्रथमच पाहिले. देवस्थानातील कुंडाची ही गत, तर पेठापेठांतील वाड्यांच्या परसातल्या ज्या विहिरी दारात नळ आल्यावर निरुपयोगी ठरल्या आणि केरकचऱ्याने बुजवल्या गेल्या, त्यांची याद कोणत्या कचेरीने ठेवली असेल?

विहीर बुजवणे ही एक रीतसर करण्याची गोष्ट आहे, याचाच आपल्याला विसर पडला आहे. पालापाचोळा, फुटकी कौले आणि राडारोडा आत लोटून वर हातभर मुरूम पसरला की डोळ्यांना जमीन सपाट दिसते. परंतु आतला पाला कुजतो, भराव दर पावसाळ्यात थोडा थोडा बसत जातो, आणि वरच्या कवचाखाली पोकळी तयार होते. वाळूवर सुटे बसवलेले पेव्हर ब्लॉक वरची शोभा शेवटपर्यंत राखतात, मात्र त्या पोकळीवरून जाणाऱ्या ट्रकचा भार पेलण्याची ताकद त्यांच्यात नसते. तळापासून दगडगोटे, खडी आणि मुरूम यांचे थर देत, प्रत्येक थर दाबून विहीर भरण्याला खर्च येतो हे खरे; परंतु तो खर्च एकदाच येतो.

दुसरी पोकळी नळांची आणि गटारांची. गळक्या नळाचे पाणी भोवतालची बारीक माती घेऊन फुटक्या गटारात उतरते, मातीतली ती पोकळी महिनोन्महिने वर सरकत राहते, आणि अखेरीस डांबराचा पातळ थर तेवढा तिचे छप्पर होऊन उरतो. जपानातील याशिओ शहरात २८ जानेवारी २०२५ रोजी सांडपाण्याचा मोठा नळ झिजून फुटल्यामुळे रस्ता खचला आणि एक ट्रक चालकासह आत गेला. चालकाचा देह हाती लागण्यास तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला, आणि सुमारे बारा लाख नागरिकांना सांडपाणी कमी सोडण्याची विनंती करावी लागली. यंत्रशास्त्रात अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा. आपल्या शहरात १८५४ साली नगरपालिका स्थापन झाली, कळंब्यापासून काळम्मावाडीपर्यंत पाण्याच्या किती तरी योजना झाल्या. पण नवा नळ पडला तेव्हा जुना कोठे सोडून दिला, हे सांगणारा सबंध नकाशा नागरिकांना कोणत्याही खिडकीवर मागता येत नाही.

शहरात निदान अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर असते. शिवारात तेही नाही. आपल्या पाणंदी बैलगाडीसाठी पडल्या आणि विहिरींचे काठ मोटेच्या बैलांची धाव सोसण्यासाठी बांधले गेले. त्याच पाणंदीवरून, त्याच काठाला चाटून, गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांत वीस-वीस टन ऊस भरलेला ट्रॅक्टर रात्री-अपरात्री जातो. काठाचे चिरे सुटलेले असतात, कठडा कधीच ढासळलेला असतो, आणि घाणेरीच्या झुडपाआड विहिरीचे तोंड दिव्याच्या उजेडातही दिसत नाही. नदीकाठच्या मळीत आणखी एक धोका असतो : पूर ओसरताना नदी झपाट्याने उतरते, पाण्याने जड झालेल्या काठाचा आधार जातो, आणि वरून धड दिसणारी कड यंत्राच्या भाराने पाण्यात कोसळते. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणी मृत्युमुखी पडल्या. रोजगारासाठी दुसऱ्याच्या रानात जाणाऱ्या स्त्रीला त्या रानातली विहीर ठाऊक असण्याचे कारण नसते. आणि ऊसतोडीसाठी बीडहून आलेल्या जोडप्याला करवीर किंवा शिरोळच्या पाणंदीची खोड ठाऊक असण्याचेही कारण नसते. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी ती कागदावर आणली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

तिला दाखला आहे. सोडून दिलेल्या कूपनलिकांत बालके पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्या तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरण्याचे आणि गावनिहाय त्यांची माहिती ठेवण्याचे निर्देश दिले. वीतभर रुंदीच्या छिद्राला जो न्याय, तोच दहा हात रुंदीच्या विहिरीला का नसावा? चालू विहिरीची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. बुजवलेल्या विहिरीचीही जागा, खोली आणि भराव यांचा तपशील सातबाऱ्यावर व मिळकत पत्रिकेवर कायम राहावा. महापालिकेने सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशांशी नळ व गटारांचे नकाशे ताडून पाहावेत, आणि ही रुजवात झाल्याखेरीज कोणत्याही आवारात पेव्हर ब्लॉक घालण्यास मंजुरी देऊ नये. साखर कारखान्यांचा चिटबॉय तोडीपूर्वी फडात जातोच. त्याने पोलीस पाटलांना बरोबर घेऊन वाटेवरील उघड्या विहिरींची यादी करावी आणि त्यांना कठडा, निदान लाल फडक्याची बल्ली, लागल्याशिवाय त्या वाटेने वाहन सोडू नये.

विहिरीची नोंद राहिली तर प्लॉटचा भाव उतरेल, असा आक्षेप येईल. तो उतरत असेल तर उतरू द्यावा. घेणाऱ्यापासून विहीर लपवून मिळवलेला भाव हा त्याच्या जिवावर मिळवलेला असतो.

शासनाची तजवीज होईल तेव्हा होवो. वाचकांना आज करता येण्याजोगे एक काम आहे. बुजलेल्या विहिरींच्या जागा सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या गल्लीतील, आपल्या रानातील अशा वडीलधाऱ्यांना विचारून ती जागा कागदावर उतरवून घ्या, तो कागद प्रभाग कार्यालयात किंवा तलाठ्याकडे द्या, आणि त्याची पोच मागून घ्या.