डॉक्टरांना बोलायला शिकवाल, पण कोणाशी?

डॉक्टरने रुग्णाशी कसे बोलावे हेही शिकवावे लागते, हे तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने उशिरा का होईना मान्य केले. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा अभ्यासक्रम २०१८ मध्ये तयार झाला आणि २०१९ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.ला सक्तीचा झाला. नेरूळ-कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनाही तो लागू आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

ई-लर्निंगने नियम कळतात. रुग्णाचे बोलणे मध्येच तोडू नका, सोप्या भाषेत सांगा, काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐका. पण पोहण्याची चित्रफीत पाहून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून 'रोल प्ले' हवा. एकाने डॉक्टर व्हायचे, दुसऱ्याने रुग्ण, तिसऱ्याने निरीक्षण करायचे. येथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही.

मात्र ही रुग्णाची भूमिका लिहितो कोण? सुशिक्षित, हातात फाईल घेतलेला रुग्ण रंगवणे सोपे आहे. तुर्भ्याच्या दगडखाणीत राबणारी बाई, कंत्राटी सफाई कामगार, वाशीच्या बाजारातला माथाडी त्या भूमिकेत असतो काय? 'इतके दिवस झोपला होतात का?' असे दरडावणाऱ्याला रोजंदारी बुडण्याची भीती कधी कळणार?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ चे पत्र दिले आहे. त्याची पत्नी बाळंतीण होती, गंभीर आजारी पडली होती. डॉक्टर वस्तीत शिरला नाही. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते पतीला दिले, पतीने पत्नीला लावले आणि त्याच मार्गाने ते परत गेले. न्यूमोनिया झाल्याचे सांगून डॉक्टर निघून गेला. पुढे बोलावूनही आला नाही. ती माऊली दगावली. त्या डॉक्टरकडे शब्दांची कमतरता होती काय? नाही. समोर माणूस आहे, हेच त्याला मान्य नव्हते.

हा रोग गोड बोलण्याच्या तालमीने जात नाही. म्हणून महाविद्यालयांनी वस्तीतील स्त्री-पुरुषांना मानधन देऊन रुग्णाच्या भूमिकेत बसवावे, प्रसंग त्यांच्याच अनुभवातून लिहावेत आणि विद्यार्थ्याला गुण देण्याचा अधिकारही त्यांना द्यावा. आडनाव ऐकताच बदलणारा स्वर चित्रफितीला ऐकू येत नाही. तो ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, तेच पकडू शकतात.