जॉन यंग यांची कारकीर्द चंद्रानंतरही बहरली



‘चंद्रावर उतरलेल्यांची कारकीर्द तिथेच संपली’ हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान जॉन यंग यांच्यावर अन्याय करणारे आहे. एप्रिल १९७२ मध्ये ‘अपोलो १६’चे कमांडर म्हणून यंग चार्ल्स ड्यूक यांच्यासह चंद्रावर उतरले आणि सुमारे ९५ किलो खडक-माती घेऊन परतले. पुढे १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ या स्पेस शटलचे पहिलेच उड्डाण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्याआधी या शटलची माणसांविना अंतराळात चाचणीही झाली नव्हती. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ शटलच्या दुर्घटनेनंतर सुरक्षेतील त्रुटींवर त्यांनी ‘नासा’ला परखड शब्दांत लेखी सुनावले. २००४ अखेरीस निवृत्त होईपर्यंत त्यांनी ४२ वर्षे सेवा केली. अशा माणसाची कारकीर्द चंद्रावर संपली, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

– एक वाचक, पुणे