विश्लेषण : फॅनफिक्शनचेही ‘रीमिक्स’? चाहत्यांनी लिहिलेल्या कथांवर हक्क कुणाचा?

लोकप्रिय कादंबरी किंवा मालिकेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेली नवी कथा म्हणजे फॅनफिक्शन. पण एका चाहत्याची अशी कथा घेऊन दुसऱ्याने तिसरीच कथा रचली तर? चाहत्यांच्या जगात ही पद्धत जुनी आहे आणि तिचे अलिखित नियमही आहेत. प्रकाशकांचा पैसा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक यांमुळे आता त्या नियमांची कसोटी लागते आहे.

रीमिक्स म्हणजे नेमके काय?

समजा, हॅरी पॉटरच्या युद्धानंतर हर्मायनी वकील झाली, अशी कथा एका चाहतीने लिहिली. दुसरी चाहती तीच कथा हर्मायनीच्या आईच्या तोंडून सांगते. मूळ कादंबरीत हर्मायनीने आईवडिलांच्या सुरक्षिततेसाठी त्यांची स्मृती पुसलेली असते. त्यामुळे आईच्या कथेत न्यायालयातील विजय मागे पडतो आणि मायलेकींमधला अबोला पुढे येतो. प्रसंग तेच, अर्थ वेगळा. यालाच रीमिक्स म्हणतात.

मराठी वाचकाला ही रीत अनोळखी नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची कथा कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून येते. फरक इतकाच, की महाभारतावर कुणा हयात लेखकाचा हक्क नाही. फॅनफिक्शन लिहिणारी व्यक्ती मात्र टोपणनावाने का होईना, आज हजर असते.

रूपांतराच्या कोणत्या पद्धती रुळल्या आहेत?

सर्वात प्रचलित पद्धत म्हणजे निवेदक बदलणे. दुसरी, एकच वळण बदलणे : पत्र वेळेवर पोहोचलेच नसते तर? तिसरी, मूळ कथेने गाळलेली जागा भरणे, म्हणजे दोन प्रकरणांमधल्या सहा महिन्यांत काय घडले ते लिहिणे. काही जण दीर्घ कथा नेमक्या १०० शब्दांत बसवतात. या प्रकाराला ‘ड्रॅबल’ म्हणतात. काही जण ती आवाजात ध्वनिमुद्रित करून ‘पॉडफिक’ बनवतात, चित्रकथा काढतात किंवा दुसऱ्या भाषेत नेतात.

रीमिक्सचे उपक्रमही भरतात. त्यात प्रत्येक सहभागीला दुसऱ्या कुणाची कथा नेमून दिली जाते आणि ठरलेल्या मुदतीत तिचे नवे रूप लिहावे लागते. दुसऱ्याची कथा हाती घेण्यासाठी स्वतःच्या कथाही खुल्या कराव्या लागतात. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असते. पात्रांची नावे बदलून आणि वाक्ये फिरवून तीच कथा पुन्हा टाकणे याला मात्र कुणी रीमिक्स म्हणत नाही, ती उचलेगिरीच ठरते.

परवानगीची पद्धत काय आहे?

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ म्हणजेच ‘एओथ्री’ हे फॅनफिक्शनचे मोठे संकेतस्थळ. २००७ मध्ये स्थापन झालेली ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था ते स्वयंसेवकांच्या बळावर चालवते. २०१९ मध्ये या संकेतस्थळाला विज्ञानकथा क्षेत्रातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. इथे कथा टाकताना ती रीमिक्स, अनुवाद वा पॉडफिक असल्यास तसे नोंदवून मूळ कथेचा दुवा देता येतो. मूळ लेखकाला सूचना जाते आणि त्याने मान्यता दिली, तर नव्या कथेचा दुवा मूळ कथेच्या पानावरही दिसतो.

अनेक लेखक आपल्या पानावर आधीच लिहून ठेवतात : रीमिक्स करा, अनुवाद करा, फक्त श्रेय द्या. याला सरसकट परवानगी म्हणतात. अशी नोंद नसेल तर विचारायचे आणि उत्तर आले नाही तर थांबायचे, हा शिष्टाचार. तो मोडल्यास शिक्षा एकच, वाचकांच्या नजरेतून उतरणे.

पैसा आला की काय बदलते?

ई. एल. जेम्स यांच्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चा जन्म ‘ट्वायलाइट’च्या फॅनफिक्शनमधून झाला. ॲना टॉड यांची ‘आफ्टर’ ही वॉटपॅडवरची कथा वन डायरेक्शन या गायकसमूहाच्या चाहत्यांसाठी लिहिलेली होती. सेनलिनयू यांची ‘मॅनॅकल्ड’ ही हॅरी पॉटरवरील कथा नवे जग आणि नवी पात्रे घेऊन २०२५ मध्ये ‘अल्केमाइज्ड’ या कादंबरीच्या रूपात आली. या वाटेला इंग्रजीत ‘सीरियल नंबर घासून काढणे’ असे गमतीने म्हटले जाते.

रीमिक्सच्या बाबतीत खरा पेच इथेच आहे. हर्मायनीचे नाव काढले की रोलिंग यांचे देणे बरेचसे फिटते. पण वकिलीचा प्रसंग, साक्षीदारांची मांडणी, कथेचा सूर हे पहिल्या चाहतीने रचलेले असते. नाव बदलल्याने ते पुसले जात नाही. म्हणजे रीमिक्सचे पुस्तक झाले, तर खरी देणेकरी ती बिनपैशाची लेखिका असते. तिच्यामागे ना प्रकाशक असतो, ना वकील.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध काय?

२०२५ मध्ये ‘एओथ्री’वरील सुमारे १ कोटी २६ लाख कलाकृतींचा साठा परस्पर गोळा करून ‘हगिंग फेस’ या व्यासपीठावर ठेवण्यात आल्याचे उघड झाले. अशा साठ्यांवर भाषिक प्रारूपे शिकवली जातात. संस्थेने स्वामित्वहक्क कायद्याखाली तक्रार केल्यावर तो तिथे मिळणे बंद झाले. त्यानंतर अनेकांनी आपल्या कथा केवळ नोंदणीकृत वाचकांपुरत्या मर्यादित केल्या. रीमिक्स करणारा विचारतो आणि कुणाचे घेतले ते सांगतो. इथे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. यात नुकसान वाचकांचेही झाले, कारण खुली दारे बंद झाली.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत ‘फेअर यूज’ तत्त्वानुसार मूळ कृतीला नवा अर्थ देणाऱ्या वापराला काही मोकळीक मिळते. १९९४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका विडंबनगीताच्या खटल्यात ‘रूपांतरकारी’ वापराचा निकष मान्य केला. २०२३ मध्ये अँडी वॉरहोल यांच्या चित्राच्या खटल्यात मात्र, वापराचा हेतू मूळ कृतीसारखाच आणि व्यावसायिक असेल तर केवळ नवा अर्थ पुरेसा नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची पुढची कथा लिहून विकणाऱ्या एका चाहत्याने, ॲमेझॉनच्या मालिकेने आपलीच कथा चोरल्याचा दावा केला. तो फेटाळला गेला आणि त्यालाच पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळाला. परवानगीविना रचलेल्या कथेवर हक्क सांगणे न्यायालयात किती अवघड आहे, हे त्यातून दिसले.

भारतात स्थिती काय?

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात अनुवाद आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे आहे. कलम ५२ मधील सवलत टीका, समीक्षा, खासगी वापर अशा कारणांपुरती आहे. कलम ५७ नुसार आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड झाल्यास लेखक दाद मागू शकतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते, असे म्हटले. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या नाटकावर टीका करणाऱ्या प्रतिनाटकाला संरक्षण दिले. त्यात मूळ नाटकाचा बराच भाग वापरलेला होता. हेतू नक्कल करण्याचा की उत्तर देण्याचा, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला.

लिहिणाऱ्यांनी काय पाहावे?

प्रतिलिपी, वॉटपॅडसारख्या मंचांवर मराठीत लिहिणाऱ्यांनाही हे लागू होते. एखादी फॅनफिक्शन मराठीत आणायची किंवा तिचा शेवट बदलायचा असेल, तर आधी लेखकाच्या पानावरील सूचना वाचाव्यात, परवानगीचा संदेश जपून ठेवावा आणि मूळ कथेचा दुवा वरच द्यावा. अशा कथेवर मानधन किंवा पुस्तक मिळण्याची शक्यता दिसली, तर पहिल्या लेखकाशी पुन्हा बोलावे. मोफत रीमिक्ससाठी दिलेला होकार विक्रीसाठी दिलेला नसतो.