डोक्याचे टाके गावात निघतात

मेंदूची शस्त्रक्रिया नागपूर, सावंगी नाहीतर नांदेडला होते. टाके मात्र अनेकदा नेर, आर्णी, घाटंजीत निघतात. पांढरकवड्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अपघात झाला, कवटीचा तुकडा काढून दाब कमी केला, रुग्ण वाचून घरी आला. पुढे तो तुमच्याच ओपीडीत येतो आणि जखम बिघडते तीही याच काळात.

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथली जखम सहसा लवकर भरते. म्हणूनच ती भरेना की मागचे कारण शोधायला हवे: वाढलेली साखर, लांबलेला डेक्सा, किरणोपचार, तंबाखू, कुपोषण किंवा हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग. वरून दिसतो टाक्यालगतचा एक ओलसर ठिपका. खपली धरते, आठ दिवसांनी पुन्हा चिघळते. अशा वेळी कल्चर न पाठवता अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स लिहिणे म्हणजे निदान पुढे ढकलणे होय. परत बसवलेल्या हाडाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. त्यावर ठाण मांडलेले जंतू गोळ्यांना दाद देत नाहीत. पुष्कळदा ते हाड काढावेच लागते.

स्राव पाण्यासारखा असेल तर आणखी सावध. उशीचा अभ्रा, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा मागवून पाहा. रक्ताच्या डागाभोवती फिकट वलय असेल तर संशय पक्का करा; नसेल तरी निर्धास्त होऊ नका. पुढे वाकवल्यावर थेंब वाढले तर सीएसएफ समजूनच चाला. जखम चाचपू नका. स्वच्छ ड्रेसिंग, डोके उंच आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला त्याच दिवशी फोन. ताप आला, मान ताठली, तर ‘उद्या सकाळच्या एसटीने जा’ म्हणायची सोय नाही. आणि जखम भरत नाही म्हणून डेक्सा एकदम तोडू नका. बरेच दिवस चाललेला असेल तर ते जिवावर बेतू शकते.

मोठ्या रुग्णालयांतील मित्रांकडेही आमची तक्रार आहे. ‘दहाव्या दिवशी टाके काढावेत’ एवढ्यावर डिस्चार्ज कार्ड संपते. कवटीचा तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवला असेल तर ते कुणी लिहीत नाही, आणि पोटावरचे टाके पाहून गावचा डॉक्टर बुचकळ्यात पडतो. ड्युराला कृत्रिम पडदा लावला का, डेक्सा कसा उतरवायचा, हे दोन ओळींत मावते. शिवाय एक फोन नंबर हवा, रात्री उचलला जाणारा.